शीवच्या वायरमन काकांना, जाहीर आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

काम झाल्यावर ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घ्यायला तुम्ही तयार झाला नाहीत. निदान आभार तरी चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र. आमच्या ट्रॅव्हलरचं नवं इंजिन बघायला लोक येतात, बॉनेट उघडायला लावतात, टर्बोचं कौतुक करतात. डॅशबोर्डच्या मागे तुम्ही जे केलंत ते कोणाच्या नजरेला पडत नाही. ते मला सगळ्यांना सांगायचं आहे.

गाडी जुनी, बजाज टेम्पोच्या काळातली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, त्याच्याही आधीची. १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवरून आलेलं ते मॉडेल आणि त्यात मर्सिडीजच्याच घराण्यातलं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल. आतला संसार आम्ही हौसेने मांडला: सिंक, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज आणि आईसाठी पूर्ण लांबीचा बिछाना. मणक्याच्या दुखण्यामुळे तिला फार वेळ बसवत नाही, हॉटेलचे जिने तर नकोच. या गाडीमुळेच ती पंढरपूरला जाऊन आली. पण एवढं ओझं घेऊन घाट चढताना इंजिनाचा जीव जायचा. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून तर नवी गाडी घ्या म्हणून सांगणारे वाढले. आम्हाला हीच हवी होती.

म्हणून त्याच कंपनीच्या अलीकडच्या, अपघातात गेलेल्या ट्रॅव्हलरचं २.६ लिटरचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाने डिझेल देणारं), गिअरबॉक्ससकट, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतलं. कागदपत्रांना वेळ लागला आणि तो लागायलाच हवा. गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीच्या मूळ तपशिलाशी खेळू नका असं बजावलं आहे. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर, हे दोन्ही झाल्याशिवाय असलं काम कोणी करूच नये.

ज्या गॅरेजने इंजिन बसवलं त्यांचं लोखंडाचं काम चोख होतं. माउंटिंग सरळ, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स केलेला, इंटरकूलरला नीट जागा, डिझेलची टाकीसुद्धा नवी. वायरिंगचा हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, मात्र त्यांनी मधोमध कापला आणि जुन्या वायरींना पीळ मारून, टेप गुंडाळून जोडला. इंजिन चालू व्हायचं, पण रेस घ्यायचं नाही. रात्री तर जास्तच. त्यांनी इंजेक्टर बदला म्हटलं, मग पंप बदला म्हटलं. दोन्हींच्या किमती ऐकून घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली होती.

तेव्हा तुम्ही आलात. बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेला माणूस, हातात फक्त मीटर आणि वही. जुनं इंजिन वायरीवर चालत नव्हतं, हे तुम्ही आधी मला समजावलंत. हीटर प्लग आणि स्टार्टर एवढंच त्याचं विजेशी नातं; एकदा धडधडायला लागलं की बॅटरी काढली तरी चालत राहणार. नव्याला क्रँक कुठे आहे, रेलमध्ये प्रेशर किती, पाय पेडलवर किती दाबलाय, हे सगळं ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, क्षणोक्षणी कळावं लागतं.

पेडलचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, उघडून तुम्ही मीटर लावलात. आत दोन सेन्सर, एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मं. मला म्हणालात, "पाय हलवू नका, नुसता हेडलाइट लावा." पेडल जागच्या जागी होतं, तरी एका सेन्सरचा आकडा सरकला! त्या सेन्सरची अर्थ वायर थेट ईसीएमला जायला हवी होती. ती डॅशबोर्डच्या गंजलेल्या पत्र्याला बांधलेली होती. हेडलाइटचा करंट त्याच पत्र्यातून परतायचा, आकडे बिघडायचे, दोन सेन्सरांचा हिशेब जुळत नाही म्हणून ईसीएम इंजिनाची ताकद रोखून धरायचा. रात्रीच का, याचंही उत्तर त्यातच होतं. इंजेक्टर आणि पंप दोन्ही ठणठणीत.

एवढी एक वायर बदलून तुम्ही पैसे घेऊन गेला असतात तरी मी खूश होतो. तुम्ही जुन्या वायरीचं इन्सुलेशन सोललंत आणि आतलं तांबं दाखवलंत: हिरवं पडलेलं, बोटाने चोळलं तर भुगा. मुंबईची खारी हवा आणि पावसाळे. मग मला परत कुर्ल्याला पाठवलंत. त्या अपघाती गाडीचा डॅशबोर्ड सुदैवाने भंगारात गेला नव्हता. तिचाच अखंड हार्नेस, तिचंच पेडल, फ्यूज बॉक्स, चावीसुद्धा तिचीच, कारण चावी आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. कुठे सोल्डरचा डाग द्यायला तयार नाही झालात. हादऱ्याने डागाच्या कडेलाच वायर तुटते म्हणून प्रत्येक थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवलंत. इंजिनापासून बॅटरीपर्यंत जाड अर्थ वेगळी टाकलीत, गाडीतल्या दिव्या-पंख्याची बॅटरी रिलेने वेगळी काढलीत. ईसीएमच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही आणि वेल्डिंगच्या आधी कपलर काढायचा, हे माझ्याकडून वदवून घेतलंत.

आता पाण्याची टाकी भरलेली असली तरी कसारा घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर सरळ चढते. आई मागे झोपलेली असते.

एक विचारायचं राहिलं. वहीत तुम्ही हार्नेसची जी आकृती काढलीत, रंग आणि पिन नंबरांसकट, तिची झेरॉक्स माझ्याकडे आहे. जुनी ट्रॅव्हलर असलेले बरेच जण ती मागतायत. तुमच्या परवानगीशिवाय मी ती कोणाला दिलेली नाही. देऊ का, तेवढं कळवा.

आपला,
पांढऱ्या ट्रॅव्हलरवाला