फसलेल्या रिअ‍ॅक्शन्सची कपाटं

पुणे,
१३ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘आजोबांनी पेनिसिलिन पाहिलं, वडिलांनी चंद्रावर माणूस पाहिला, आपण पाहिले मोबाइलचे नवे मॉडेल’, म्हणजे विज्ञानाचा वेग मंदावलाय, हे वाचून आधी हसलो, मग चिडलो आणि मग आकडे शोधायला बसलो. आकडे तुझ्याच बाजूचे निघाले, लेका.

चिपवरचे ट्रान्झिस्टर साधारण दोन वर्षांत दुप्पट होतात, हे आपण कॉलेजपासून ऐकतोय. तो वेग राखायला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपेक्षा १८ पटींहून जास्त संशोधक राबवावे लागतात, असं अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं. औषधांची गत तू रोज बघतोसच. १९५० नंतर सहा दशकं, संशोधनावरच्या दर अब्ज डॉलरमागे मंजूर होणारी नवी औषधं सुमारे नऊ वर्षांनी निम्मी होत गेली.

म्हणून शोधायचंच काही उरलं नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. शिकागो विद्यापीठातल्या डॉन स्वॉन्सनचं घे. माणूस माहितीशास्त्राचा, डॉक्टर नव्हे. रेनॉडच्या आजारात थंडीने बोटं पांढरी पडतात, रक्त दाटलेलं असतं, असं सांगणारे निबंध एकीकडे. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असं सांगणारे दुसरीकडे. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९८६ मध्ये त्याने नुसतं वाचून दोन्ही जोडले, म्हणजे माशाचं तेल या आजारावर चालावं असं सुचवलं, आणि पुढे एका छोट्या चाचणीत त्याला दुजोराही मिळाला. आपल्या पुण्यातल्याच आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या मंडळींनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूहही स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या डेटात सापडला, आणि तो डेटा सगळ्या जगाला खुला होता!

म्हणजे माल पडून आहे, बघणारे डोळे कमी पडतात. इथे कॉम्प्युटर कामाचा. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामचा गाजावाजा तुला ठाऊक आहे: २०२२ मध्ये २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज, २०२४ मध्ये नोबेल. पण त्यामागे १९७१ पासून चालू असलेली प्रोटीन डेटा बँक होती, हे कोणी फारसं बोलत नाही. जगभरच्या लोकांनी रचना शोधल्या, ठरल्या नमुन्यात तिथे जमा केल्या, म्हणून यंत्राला शिकायला काही मिळालं.

आता आमच्या सिंथेसिसवाल्यांकडे, म्हणजे रेणू बनवणाऱ्या केमिस्टांकडे बघ. माझ्या लॅबच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं आहेत, जुन्या नोटबुकांनी गच्च. पावसात पानं चिकटतात. परवा एक उघडली. ‘रात्रभर ढवळलं. टीएलसीवर नवा स्पॉट नाही. स्टार्टिंग मटेरियल तसंच परत.’ शेजारी पिवळी पडलेली टीएलसी प्लेट, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी पट्टी, सेलोटेपने चिकटवलेली. गंमत म्हणजे हीच रिअ‍ॅक्शन, त्याच सॉल्व्हंटमध्ये, आमच्या एका विद्यार्थिनीने नुकतीच कित्येक आठवडे करून पाहिली. तिला कोण सांगणार? शोधनिबंधांत यील्ड (हाती आलेला माल) ८५ टक्के आलेलीच छापतात. तेवढंच वाचून तयार झालेल्या एआय मॉडेलला वाटतं, सगळंच जमतं. नुसती जमलेली लग्नं बघून वधूवरसूचक मंडळ चालवण्यासारखं आहे हे.

आणि अंदाज फुकट, फ्लास्क महाग. २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडने एआय वापरून २२ लाख नवे स्फटिक सुचवले. त्यांतलं खरंच नवं आणि उपयोगाचं फार थोडं, असा शेरा मटेरियल सायन्समधल्या जाणकारांनी मारलाच. शेवटी कोणीतरी भट्टी पेटवून ते बनवून बघायला हवं, आणि त्या माणसाच्या फेलोशिपचे पैसे वेळेवर यायला हवेत. (आमच्याकडे ते कधी येतात, यावर वेगळं पत्र लिहीन.)

तर माझं म्हणणं एवढंच की आधी ती कपाटं उघडायला हवीत. मी सुरुवात केली आहे. दोन विद्यार्थी नोटबुकं स्कॅन करताहेत, मी रकाने ठरवतोय: सॉल्व्हंट, तापमान, वेळ, कॅटॅलिस्ट, काय झालं. ‘काय झालं’ याच रकान्यात घोडं अडतंय. कोणी ‘ट्रेस’ (जेमतेम अंश) लिहिलंय, कोणी ‘मेस’ (नुसता गिचका), कोणी नुसतं उद्गारचिन्ह.

तुमच्या अंबरनाथच्या कंपनीत स्केल-अपमध्ये, म्हणजे लॅबमधली कृती मोठ्या प्रमाणावर करताना, फसलेल्या बॅचची नोंद कशी ठेवता? रकाने काय असतात, एवढंच कळव. कंपनीची गुपितं नकोत, कोरा फॉर्म चालेल. आणि जमलं तर या महिन्यातच, कारण मुलं स्कॅनिंग संपवत आलीत आणि रकाने मागाहून बदलले तर शिव्या मलाच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध