हद्द कायम : माझ्या शल्यविशारदांस अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

येत्या पंधरवड्यात माझ्या शस्त्रक्रियेला दोन वर्षे पूर्ण होतील. आपल्याला लिहावे असे याआधी अनेकदा मनात आले होते, परंतु दुखणे पुन्हा उलटले तर आभार परत घ्यायची वेळ येईल, अशा काहीशा हास्यास्पद भीतीने मी थांबलो. आता थांबत नाही. पत्र अनावृत ठेवण्याचे कारण एवढेच की, आज कोणी माझ्यासारखा माणूस गालाला हातही न लावता बसून असेल, तर त्याच्याही ते वाचनात यावे.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेच्या दुखण्याचे वर्णन आपण शेकडो रुग्णांकडून ऐकले असेल. माझ्या डाव्या गालात ती कळ विजेसारखी येई, काही सेकंद राही आणि जाई. ती गेल्यावर पुढची केव्हा येईल या धास्तीत उरलेला दिवस जाई. दात घासताना, भाकरीचा पहिला घास चावताना, इतकेच काय, माघातल्या पहाटे वाईला कृष्णेच्या घाटावरून येणारा वारा लागला तरी ती येई. मी केवळ उजव्या गालाची दाढी करीत असे. पूर्ण दाढी का वाढवली नाही, असे लोक विचारत. खरे सांगायचे तर, अर्धी तरी करता येते हाच त्या काळातला माझा शिल्लक स्वाभिमान होता.

आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी माझ्या दोन निर्दोष दाढा काढून झाल्या होत्या. दुखण्याने मात्र जागा सोडली नाही. पुढे कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी वर्षभर चांगला आराम दिला. परंतु मात्रा दिवसाला 1200 मिलिग्रॅमपर्यंत गेली तेव्हा रक्तातले सोडियम इतके उतरले की, मी स्वतःच्याच अंगणात भिंत धरून चालू लागलो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षे काढली. पहिल्या भेटीत आपण एमआरआयच्या पडद्यावर बोट ठेवून जे दाखविले, ते मला लगेच समजले याचे श्रेय त्या नोकरीला आहे. बहुतेक रुग्णांत पाचव्या मस्तिष्क-चेतेला, म्हणजे चेहऱ्याच्या त्याच नसेला, मेंदूच्या देठापाशी एखादी बारीक धमनी टेकलेली असते. माझ्या बाबतीत मानेतून वर चढणारी डावी व्हर्टिब्रल धमनी आणि पुढची बेसिलर धमनी या दोन्हीच फुगून, लांबून, नदीने पात्र बदलावे तशा डावीकडे वळल्या होत्या आणि त्यांनी ती नस दाबून चपटी केली होती. बेसिलर धमनी साधारणपणे 3 मिलिमीटरच्या आसपास असते, माझी 6 भरली, असे आपण सांगितले. नसेवरचे आवरण जिथे बदलते, नेमक्या त्या नाजूक जागी दर ठोक्याला धक्का बसत होता, त्यामुळे आवरण झिजून स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूत उतरतो असे मानतात, हेही आपण समजावले. मी म्हणालो, ‘‘म्हणजे हे अतिक्रमण झाले.’’ आपण हसलात आणि म्हणालात, ‘‘हो, पण अतिक्रमण करणाऱ्यालाच मेंदूचे पाणी भरायचे आहे. त्याला हाकलता येत नाही, फक्त सरकवता येते.’’

अमेरिकेतले शल्यविशारद डॅंडी यांनी 1934 मध्येच या नसेवर टेकलेल्या रक्तवाहिन्यांकडे बोट दाखविले होते आणि पुढे तिथल्याच जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या बाजूला करण्याची शस्त्रक्रिया रुळवली, ही हकिकत आपण पाच मिनिटांत सांगितलीत. माझ्या धमनीच्या अवघडपणाला मात्र अर्धा तास दिलात. बारीक धमनीखाली टेफ्लॉनचा बोळा ठेवला की बहुधा भागते. ही धमनी जाड, रक्तदाबाने टणक झालेली, आणि तिच्यातून मेंदूच्या देठाला जाणारे केसाएवढे फाटे फुटलेले. ओढली तर ते तुटतील, न ओढली तर बोळाच नसेवर दाब आणील. डावा कान जाऊ शकतो, चेहरा वाकडा होऊ शकतो, गिळायला त्रास होऊ शकतो, क्वचित पक्षाघातही होऊ शकतो, हे आपण माझ्या पत्नीसमोर, तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलेत. तिला तेव्हा आपला राग आला होता. गॅमा नाइफचा, म्हणजे नसेवर बाहेरून किरणांचा मारा करण्याचा पर्यायही आपण मांडलात. त्यात कवटी उघडावी लागत नाही, पण आराम पडायला आठवडे-महिने लागू शकतात, गाल बधिर होण्याची शक्यता असते आणि दाब तसाच राहतो, असेही सांगितलेत. निर्णय आमच्यावर सोडून आपण आठ दिवसांची मुदत दिलीत.

आम्ही शस्त्रक्रियाच निवडली. ती होऊन घरी आल्यावर तिची नोंद मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. कानामागे लहानशी खिडकी उघडून, मेंदूभोवतीचे पाणी हळूहळू काढून आपण आत गेलात. वरच्या पाचव्या नसेकडे थेट न जाता खालून, नवव्या-दहाव्या नसांपासून ती धमनी मोकळी करत वर आलात. आणि शेवटी टेफ्लॉनच्या पट्टीची झोळी करून धमनी तिच्यात घेतलीत व ती झोळी कवटीच्या आतल्या आवरणाला टाक्यांनी बांधलीत. मात्र माझे लक्ष खिळले ते दुसऱ्याच ओळींवर. माझ्या कानात सतत टकटक आवाज सोडून त्याची मेंदूत उमटणारी लहर एक तंत्रज्ञ ताई पडद्यावर पाहत होत्या. ती लहर दोनदा लांबली, म्हणजे कानाच्या नसेवर ताण आला, आणि दोन्ही वेळा आपण हत्यारे बाहेर काढून थांबलात, एकदा चौदा मिनिटे आणि एकदा नऊ. कवटी उघडी असताना, काम हाताशी आलेले असताना स्वस्थ बसून राहणे किती कठीण असते, याची मला थोडीशी कल्पना आहे. शेतांच्या सीमा ठरवून देणाऱ्या हद्द कायम मोजणीत दोन्हीकडचे शेतकरी उभे असताना खूण ठोकण्याची घाई न करणे मला निम्मी नोकरी होईपर्यंत जमले नव्हते. त्या तेवीस मिनिटांसाठी हे पत्र आहे. त्या ताईंपर्यंतही माझा नमस्कार पोहोचवावा.

दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात माझी कानाची तपासणी होण्याआधीच आपण येऊन सांगितलेत की, लहर पूर्ण परतलेली नाही आणि डाव्या कानाने थोडे कमी ऐकू येईल. तसेच झाले. चिमण्यांचा आवाज आता मला एकाच बाजूने येतो, मोबाईल मी उजव्या कानाला लावतो. पण ही गोष्ट मला तपासणीच्या कागदावरून कळली नाही, आपल्या तोंडून कळली, आणि पत्नीचा राग त्या दिवशी गेला.

टाके काढल्यानंतर चौथ्या दिवशी मी डाव्या गालाला साबण लावला. पत्नी आरसा धरून उभी होती आणि आरसा हलत होता. पहिला हात फिरवून झाल्यावर मी थांबलो, कळेची वाट पाहिली, ती आली नाही. मग दुसरा फिरवला. एवढ्या दाढीला पाऊण तास लागला आणि दोन ठिकाणी कापले. त्या रक्ताचे आम्हा दोघांना जे कौतुक वाटले ते इतरांना सांगण्यासारखे नाही.

धमनी अजून तेवढीच जाड आहे, ती फक्त सरकली आहे, हे आपले वाक्य मी विसरलेलो नाही. रक्तदाब रोज सकाळी मोजून वहीत लिहितो आणि ती वही पुढच्या महिन्यात आपल्याकडे घेऊन येणार आहे. आपण मात्र तेव्हा माझ्या उजव्या बाजूला बसावे, एवढी विनंती.

आपला नम्र,
वाईचा एक निवृत्त भूकरमापक