बाबा, तुमचा किम्हाम कोण?

प्रिय आई-बाबा,

सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “आमचं काय आता, वेटिंग लिस्टवर आहोत. नाव पुकारलं की चढायचं.” मी हसले, कारण तुम्हीही ते हसतच म्हणालात. पण हेच वाक्य नाताळातही कानावर आलं होतं, दादालाही तुम्ही दुबईच्या फोनवर तेच ऐकवलंत. तोच विनोद माणूस सारखा करायला लागला की मला काळजी वाटते. यावर फोनवर बोलायला जावं तर आई “जेवलीस का?” विचारून विषय गुंडाळते. म्हणून लिहायला बसले. स्वतः वाचा, चष्मा लावून. “तूच वाच गं मोठ्याने” म्हणून आईच्या हातात देऊ नका.

चर्चची पंचकमिटी सोडलीत याचा मला आनंदच झाला. दफनभूमीच्या कुंपणावरून वर्षानुवर्षं चाललेलं ते भांडण, नाताळच्या मांडवाची घासाघीस, वार्षिक सभेतली आरडाओरड, हे सगळं आता तरुणांच्या गळ्यात पडलंय ते बरंच झालं. पण कमिटीबरोबर तुम्ही बाकीचंही सोडून बसलात. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला जाणं बंद, पेटी पलंगाखाली, आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसायचं, आशीर्वाद झाला की कोणाशी न बोलता चपला घालून घर गाठायचं. राजीनामा पंचाच्या खुर्चीचा दिला होतात ना? बाकीच्याचा कोणी मागितला होता?

आपल्याकडे कोणी निवृत्त झालं, कोणाची पंचाहत्तरी झाली की उपदेश ठरलेला असतो: बायबलमधला कालेब. वय 85, अंगात पूर्वीचीच ताकद, आणि आपल्या पुढाऱ्याला, यहोशवाला म्हणतो, हा डोंगराळ मुलूख मला दे, तिथले लोक मी हुसकावून लावतो. ऐकायला छान वाटतं. पण गुडघे गेलेल्या माणसाला डोंगर दाखवून काय साधतं? तो बिचारा हार गळ्यात घालून बसलेला असतो आणि मनात म्हणत असतो, मला जिना चढवत नाही. कालेब देवाने एखादाच घडवला, त्याला सगळ्यांच्या मापाचा कशाला करायचा?

मला त्यापेक्षा बर्जिल्लय आवडतो. त्याच्यावर उपदेश झालेला मी तरी ऐकला नाही. शमुवेलाचं दुसरं पुस्तक काढा, सतरावा आणि एकोणिसावा अध्याय. राजा दावीद स्वतःच्या मुलाच्या, अबशालोमाच्या भीतीने पळून यार्देनेपलीकडे महनाइमला पोचलाय, माणसं दमलेली, भुकेलेली. तेव्हा हा गिलादातला म्हातारा आणि आणखी दोघंजण काय काय घेऊन येतात याची यादीच दिलीय तिथे: अंथरुणं, तसराळी, मातीची भांडी, गहू, जव, पीठ, हुरडा, डाळी, मध, दही, मेंढरं. राजा पळत असताना त्याच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे जिवावरचं काम. ते याने ऐंशीच्या घरात केलं, आणि तलवार न उचलता केलं.

पुढे दावीद जिंकून परत निघतो. बर्जिल्लय त्याला नदीपर्यंत पोचवायला येतो. राजा म्हणतो, चल माझ्याबरोबर यरुशलेमला, तुझा सांभाळ मी करीन. आणि हा नको म्हणतो. माझं वय 80, खाल्ल्याप्यायल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचं गाणं ऐकू येत नाही, मी तुम्हाला ओझं कशाला होऊ? माझ्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मला मरू द्या. (बाबा, इथपर्यंत अगदी तुम्हीच बोलताय असं वाटतं!) पण तो तिथेच थांबत नाही. लगेच म्हणतो, हा किम्हाम आहे, माझ्याऐवजी याला न्या, याचं बरं करा. दावीद त्याचं चुंबन घेतो, आशीर्वाद देतो, आणि म्हातारा घरी जातो. ही ओळख दावीद मरेपर्यंत विसरला नाही. शेवटच्या दिवसांत मुलाला, शलमोनाला सांगून गेला की बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंगतीला बसव.

तेव्हा बाबा, “आता आमच्याने होत नाही” हे तुमचं म्हणणं मला पटतं. होत नाही तर नाही. बर्जिल्लयाला त्यावरून कोणी अविश्वासू म्हटलेलं नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. तुमचा किम्हाम कोण?

माझ्या डोळ्यासमोर एक आहे. कीबोर्ड वाजवणारा तो कुरळ्या केसांचा मुलगा. नाताळच्या उपासनेत त्या पोरांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन घेतलं होतं, आठवतं? मी तुमच्या शेजारीच बसले होते. तुमची बोटं बाकावर ताल धरत होती. अंतऱ्याला मुलं एक मात्रा आधी उचलायला लागली तशी बोटं थांबली आणि मान नकारार्थी हलली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “वाट लावली चालीची.” तो पोरगा मागेच उभा होता, त्याने ऐकलं. नंतर मला म्हणाला, “ताई, काकांना विचारायचं होतं, पण ते रागावतात.”

त्याची काय चूक? ‘उपासना संगीत’ या आपल्या भजनांच्या पुस्तकात शब्द छापलेले आहेत. चाल तुमच्या गळ्यात आहे, आणि तुमच्या गळ्यात ती आजोबांनी वडाळ्याहून आणून घातली. टिळकांची, सांगळ्यांची भजनं पुस्तकात टिकतील. पण ती कशी उचलायची, कुठल्या ओळीवर रेंगाळायचं, कीर्तनात बुवा कुठे थांबायचे, हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं आता सगळ्या नगरात किती उरलीत? (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, माझ्या तोंडी नगरच बसलंय.) पोरांनी हिंदी कोरस म्हणू नयेत असं माझं म्हणणं नाही, म्हणू देत खुशाल. पण मराठी भजन त्यांना कोणी शिकवलंच नाही आणि वर तुम्ही मागच्या बाकावरून मान हलवणार, हा न्याय नव्हे.

आता तुम्ही कानाचं काढणार, मला माहीत आहे. यंत्र लावलं की पेटी पत्र्यासारखी वाजते म्हणता. त्यावर माझ्याकडे पंडिता रमाबाई आहेत. तुमच्याकडून पुण्याला परतताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, आपल्या नगरचं नव्हे, ते रमाबाईंच्या मुक्ती आश्रमाचं. तिथे गाडी थांबो न थांबो, मी खिडकीतून बघते. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती म्हणून गाजलेल्या या बाईंनी पंचेचाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक हाताशी धरून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायला घेतलं. ऐकू फार कमी यायचं. तब्येत ढासळलेली. आश्रमाचा सगळा व्याप डोक्यावर. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं ती. तरी काम थांबलं नाही. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका, त्यांनीच शिकवून तयार केलेल्या. तुम्हाला बायबल लिहायचं नाहीये, फक्त चाली सांगायच्यात.

आई, आता तुझ्याकडे वळते. हसू नकोस, तुझी पाळी येणारच होती.

सकाळी सहापासून तुझ्या मोबाईलवर उपदेश सुरू होतात. त्यातले काही चांगले आहेत, मीही ऐकते. पण “हा व्हिडिओ दहा जणांना पाठवा, आज चमत्कार होईल” आणि खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड, हे कुठल्या शुभवर्तमानात बसतं? इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सला मी काय सांगू, पण उपासाच्या दिवसांत तू बीपीची गोळी चुकवलीस ते मला दादाकडून कळलंय. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर फक्त प्रार्थना कर असं सांगितलं नव्हतं, थोडा द्राक्षारस घे असं स्वच्छ लिहून पाठवलं होतं. गोळी घेऊन उपास कर. प्रभू रागावणार नाही, डॉक्टर रागावतील.

आणि तुझं खरं काम मी बघितलंय. शेजारच्या काकूंच्या सूनबाईला सासू अंथरुणाला खिळल्यापासून काही सुचत नव्हतं. तू गेलीस, बांगड्या कोपरापर्यंत सारल्यास आणि तिला दाखवलंस: चादर दुमडून पाठीखाली सरकवायची, पलीकडचा गुडघा वाकवायचा, खांदा आणि कंबर एकदम धरून आपल्याकडे वळवायचं, मग पाठीला उशी. दर दोन तासांनी कूस बदल, टाचा बघत जा, लाल दिसलं तर मला हाक मार. तिच्या हातून करून घेतलंस, दोनदा. मग तशीच पलंगाच्या कडेवर बसून काकूंचा हात धरून हळू आवाजात प्रार्थना केलीस. त्या ख्रिस्ती नाहीत, तू त्यांना आधी विचारलंस, त्या हो म्हणाल्या. मोबाईलवरच्या कुठल्याही महाराजांपेक्षा, म्हणजे पास्टरांपेक्षा, मला तो दहा मिनिटांचा उपदेश जास्त कळला. आपल्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली माणसं घरोघरी आहेत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या सुना-मुलींना कोणी काही शिकवलेलं नाही. महिला मंडळाच्या सभेत एकदा हे करून दाखव ना. वचन, गीत आणि चादर.

दोघांनाही सांगायची एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आवडणार नाही. घ्यायला शिका. बाबा, तो मुलगा रविवारी स्कूटरवरून सोडतो म्हणाला तर तुम्ही रिक्षा केलीत. आई, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मंडळीतून डबे आले तर तू प्रत्येक डबा भरून परत पाठवलास, एका डोळ्याला पट्टी असताना! प्रभूचा शिष्य पेत्रही असाच होता. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणाला, आणि प्रभूने त्याला सुनावलं की मी धुतले नाहीत तर तुझा माझा काही संबंध नाही. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांचे पाय धुतलेत. आता कोणी तांब्या घेऊन दारात आलं तर पाय पुढे करा.

जाता जाता एक रुक्ष विषय. वधस्तंभावर असताना प्रभूने आईची सोय लावली, तिला शिष्याच्या हवाली केलं. बाबा, घर तुमच्या एकट्याच्या नावावर आहे आणि मृत्युपत्र अजून झालेलं नाही. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. म्हणजे आईच्या राहत्या घरात दादाचा आणि माझा वाटा मिळून तिच्या दुप्पट. आम्ही दोघं भांडणारे नाही, पण कागदावर ती स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणी व्हावी हे मला चालणार नाही. मृत्युपत्रात घर पूर्ण तिच्या नावे करा. माझं नि दादाचं याबाबत बोलणं झालंय. सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार असेल तो स्वतः किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेलंच रद्द होतं. तेव्हा मलाही काही ठेवणार असाल तर तुमच्या जावयाची सही नको, कमिटीतल्या जुन्या मित्रांना बोलवा. तेवढ्या निमित्ताने तरी ते घरी येतील.

पुढच्या शनिवारी मी येतेय. फोनला जोडायचा छोटा माईक आणते. त्या मुलाला मी संध्याकाळी पाचला बोलावलंय, तुम्हाला न विचारता, कारण विचारलं असतं तर तुम्ही बघू म्हणाला असता. तो येईल तेव्हा ओरडायचं नाही. पेटीचा भाता गळतो म्हणत होतात, तर आधीच दुरुस्तीला टाका. आणि आई, त्याला गोड आवडतं असं कळलंय, पण पुरणपोळ्यांचा घाट घालू नकोस, शिरा पुरे.

तुमची,
ताई