लिस्बनच्या संसदेत गोव्याची खुर्ची होती : पुराभिलेख मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पुराभिलेख मंत्री,
गोवा राज्य, पणजी

स. न. वि. वि.

युरोपातल्या संसदांच्या इतिहासाबद्दल गोव्याच्या मंत्र्यांना पत्र कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणालाही वाटेल. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. जानेवारी १८२२ मध्ये गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर, म्हणजे कोर्तेसवर, तीन प्रतिनिधी निवडले गेले. बर्नार्दो पेरेस द सिल्वा आणि कोन्स्तान्सियो रॉक द कॉस्ता हे दोघे गोंयकार. तिसरे लिमा लैतांव, पोर्तुगीज डॉक्टर. मुंबईच्या कायदेमंडळाची पहिली बैठक टाउन हॉलमध्ये भरली ती २२ जानेवारी १८६२ रोजी, आणि त्या कायदेमंडळात जगन्नाथ शंकरशेट गेले ते नेमणुकीने, मतांनी नव्हे. दादाभाई नवरोजी लंडनच्या फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले, तेव्हा गोव्याच्या त्या निवडणुकीला सत्तर वर्षं होऊन गेली होती.

दादाभाईंची गोष्ट शाळेतली पोरंही सांगतील. पेरेस द सिल्वांची कोण सांगेल?

हे असं का झालं याचं एक कारण घरचं आहे, दुसरं युरोपातलं. घरच्या कारणाकडे नंतर येते.

युरोपात संसदांचा इतिहास लिहायचं काम बराच काळ ज्याचं त्याने केलं. त्यात अभिमानही भरपूर. इंग्रजांनी १२६५ चा दाखला द्यायचा, आइसलंडवाल्यांनी ९३० सालच्या आल्थिंग सभेचा, स्पेनच्या लेओन शहराने ११८८ चा. आपल्याकडे मानाचा गणपती कुठला यावरून चालतं तसंच. (लेओनच्या त्या हुकूमनाम्यांना २०१३ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत जागा दिली, त्यामुळे तूर्त त्यांची बाजू वरचढ आहे.) या स्वदेशी बढाईतून बाहेर पडण्यासाठी इतिहासकारांनी १९३६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय आयोग काढला : प्रातिनिधिक आणि संसदीय संस्थांच्या इतिहासाचा आयोग. साल लक्षात घ्या. जर्मनीचं राइशस्टाग तोवर एका पक्षाचं टाळ्यापिटू सभागृह झालं होतं, स्पेनमध्ये त्याच वर्षी यादवी पेटली, पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारच्या सभागृहात एकाच संघटनेची माणसं बसत होती. संसदा मरत असताना त्यांचा इतिहास एकत्र बसून लिहायचं या लोकांनी ठरवलं. युद्धानंतर १९४९ ते १९६० अशी अकरा वर्षं हेलन कॅम या मध्ययुगाच्या अभ्यासक बाई त्याच्या अध्यक्ष होत्या. आयोग आजही चालू आहे, १९८१ पासून त्याचं नियतकालिक निघतं, आणि त्याच्या नावातला ‘प्रातिनिधिक’ हा शब्द मुद्दाम रुंद ठेवलेला आहे. म्हणजे फक्त घुमटाखालची संसद नव्हे. सरदारांच्या, शहरांच्या, परगण्यांच्या सभाही त्यात येतात. आपल्या सासष्टीच्या गावकऱ्यांची कामार जेराल, म्हणजे सर्वसाधारण सभा, या व्याख्येत सहज बसते.

आणखी एक जाळं आहे. बर्लिनचा संसदीय इतिहासाचा आयोग, नेदरलँड्समधलं नाइमेखेनचं केंद्र, पॅरिसची समिती, लंडनचा हिस्टरी ऑफ पार्लमेंट ट्रस्ट अशा संस्थांनी ते विणलं. यातल्या लंडनच्या ट्रस्टची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. कर्नल जोसाया वेजवुड नावाच्या एका खासदाराने १९२० च्या दशकाच्या शेवटी हट्ट धरला की संसदेत बसलेल्या प्रत्येक माणसाचं चरित्र लिहायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आयुष्यभर एकदाही तोंड न उघडलेल्याचंसुद्धा. तो कुठल्या गावचा, जमीन किती, सासरा कोण, कुणाच्या वशिल्याने जागा मिळाली, कर्ज कुणाचं होतं. १९५१ पासून सरकारने पैसा दिला आणि लुईस नेमियरसारखा इतिहासकार या कामाला जुंपला. १७५४ ते १७९० चे खंड १९६४ मध्ये आले. नेमियर त्याआधी चार वर्षं वारला होता. त्या खंडांत श्रूजबरीचा खासदार म्हणून रॉबर्ट क्लाइव्हही आहे. भारतातून नेलेल्या पैशाने कोणकोणत्या जागा विकत घेतल्या गेल्या, हे त्या कोरड्या नोंदींतून जितकं उघड होतं तितकं कुठल्याही जळजळीत भाषणातून होत नाही. आपण गौरवग्रंथ काढतो. ते नोंदी काढतात. मला विचाराल तर नोंदी बऱ्या.

अलीकडची पायरी संगणकाची. बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाने १८६७ ते १९४२ ची राइशस्टागची इतिवृत्तं पान न् पान लोकांसाठी खुली केली आहेत. ‘पार्लामिंट’ या प्रकल्पात तर आताच्या पंचवीसहून अधिक युरोपीय संसदांची भाषणं एकाच साच्यात बसवली आहेत : बोलणारा कोण, कुठल्या पक्षाचा, मंत्री की साधा सदस्य, मध्ये कुणी अडवलं, टाळ्या कुठे पडल्या. हे शब्द शंभर कोटींच्या वर जातात. साचा एक असल्यामुळे ल्युब्लियानात बसलेली मुलगी लिस्बन आणि वॉर्सा यांची तुलना एका दुपारी करू शकते. पोर्तुगालच्या संसदेने स्वतःच्या संकेतस्थळावर १८२१ पासूनच्या चर्चा घातल्या आहेत. म्हणजे लिस्बनमध्ये काय बोललं गेलं ते कुणालाही, पणजीतूनही, वाचता येतं.

आणि इथेच खोट आहे. बोललेलं तिथे आहे, पण बोलणारा कसा निवडला गेला ते इथे आहे.

युरोपातली ही सगळी जाळी राजधान्यांच्या दप्तरांवर उभी आहेत. वसाहतींतून आलेल्या सदस्यांवर कामं झाली आहेत, नाही असं नाही, पण ती बहुतेक राजधानीच्या खिडकीतून. स्पेनच्या काडिझमध्ये झालेल्या १८१२ च्या राज्यघटनेवर फिलिपिन्सच्या व्हेन्तुरा द लोस रेयेसची सही आहे. फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेत १७९४ मध्ये सेंट-डोमिंगचा (आजच्या हैतीचा) बेले बसला, जो स्वतः आधी गुलाम होता. पुदुच्चेरीतून पॅरिसला प्रतिनिधी जात. ही माणसं दोन देशांच्या इतिहासांमधल्या फटीत पडतात. युरोपच्या लेखी ती दूरची, आपल्या लेखी ती परक्यांची.

पेरेस द सिल्वांचंच बघा. त्या काळी लिस्बनला जायचं म्हणजे गलबतातून आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास. तिथे पोहोचावं तर १८२३ च्या उन्हाळ्यात राजाच्या बाजूच्यांनी संसदच गुंडाळली. पुढे यादवीत उदारमतवादी जिंकले आणि १८३४ मध्ये त्यांनी याच माणसाला गोव्याचा प्रिफेक्ट नेमलं. गोव्याच्या राज्यकारभाराच्या माथ्यावर पहिल्यांदाच एक गोंयकार. जानेवारी १८३५ मध्ये ते पणजीत आले. १ फेब्रुवारीला लष्कराने त्यांना उखडलं. जेमतेम अडीच आठवडे. ते मुंबईला पळाले, मग दमणला. इकडे मे महिन्यात मिरामारच्या गास्पार दियश किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली. आज मिरामारला फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे? त्यानंतर पेरेस द सिल्वा पुन्हा लिस्बनच्या संसदेत गेले आणि १८४४ मध्ये वारले.

या एका माणसाची गोष्ट तीन शहरांच्या दप्तरांत पसरलेली आहे. भाषणं लिस्बनमध्ये. हकालपट्टीमागची स्थानिक भांडणं, लष्करातल्या पोर्तुगीज वंशाच्या गोऱ्यांचा राग, घराण्यांची गटबाजी या सगळ्याचे धागे पणजीत. मुंबई सरकारच्या त्या काळच्या दप्तराचा वारसा आहे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराकडे. वेजवुडच्या पद्धतीने चरित्र लिहायचं तर एका शहरात बसून ते होणार नाही.

आपल्या खात्याच्या ताब्यात काय आहे, हे आपल्याला मी सांगावं असं नाही. दियोगु दु कोउतु या इतिहासकाराला १५९५ मध्ये गोव्याच्या दप्तराचा पहिला रखवालदार नेमलं, तेव्हापासूनची ही परंपरा. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे उमेदीची वर्षं घालवली आणि राज्य परिषदेच्या बैठकांची इतिवृत्तं पाच खंडांत छापून आणली. एकट्या माणसाचं ते काम आजही युरोपातले अभ्यासक हाताशी ठेवतात. पण दप्तर दुभंगलेलं आहे. दरवर्षीच्या पत्रव्यवहाराचे मोन्सून ग्रंथ घ्या : पहिले साठेक खंड १७७७ मध्ये लिस्बनला हलवले, पुढचे पणजीत राहिले. एकाच मालिकेची दोन शहरं झाली. सहकार्य हा इथे शिष्टाचाराचा विषय नाहीच. त्यावाचून साधं वाचणंसुद्धा पुरं होत नाही.

आता घरचं कारण. पोर्तुगालशी करार म्हटला की विधानसभेत कुणीतरी उठून विचारणार, मुक्तिलढा विसरलात काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये. पण लिस्बनच्या त्या खुर्चीचा इतिहास गोडवे गायला मुळीच उपयोगी पडत नाही. नावेलीचे फ्रान्सिस्क लुईस गोमिश १८६१ मध्ये लिस्बनच्या संसदेत गेले ते वसाहतींच्या प्रतिनिधित्वाचा हक्क मांडत. १९३० च्या जुलैत इथल्या विधान परिषदेत लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव आणला. आणि शेवटची गोष्ट तर कादंबरीत घातली तर खोटी वाटेल : १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही सालाझारच्या राष्ट्रीय सभेत ‘भारतातल्या राज्या’ची खुर्ची ठेवलेली होती, १९७४ पर्यंत. तिच्यावर बसणाऱ्यांना गोव्यात एकही मतदार नव्हता. हा इतिहास आपण लिहिला नाही तर तो कोण लिहिणार, आणि कसा?

मागणी मोठी नाही. लिस्बनची संसद, तिथलं राष्ट्रीय दप्तर तोर्रे दु तोंबु आणि वसाहतींच्या कागदांचा सागरपार दप्तरखाना यांच्याशी आपल्या खात्याने थेट करार करावा. १८२१ ते १९६१ या काळातली निवडणुका आणि प्रतिनिधित्वाची कागदपत्रं दोन्हीकडे एकाच पद्धतीच्या सूचीत यावीत. २२ डिसेंबर १८२१ रोजी निघालेलं ‘गझेता द गोवा’ हे सरकारी पत्र, त्यानंतरची सरकारी बुलेटिनं, तालुक्यांच्या मतदार नोंदी, कामारांचे कागद यांच्या प्रतिमा त्यांना द्याव्यात. बदल्यात त्यांच्याकडच्या आपल्याला घ्याव्यात. मूळ कागद जिथे आहे तिथेच राहील, ही अट पहिल्या कलमात घालावी. मुंबईलाही यात ओढावं, तिथल्या सरकारला पत्र आपणच लिहू शकता.

पैशापेक्षा अवघड आहे माणसांचं. लिस्बनच्या विद्यार्थ्याला मोडी येत नाही, गोव्याची जुनी गोयकानडी लिपी तर दूरच. आणि गावकारींचे, म्हणजे गावसंस्थांचे, जुने हिशेब त्याच लिप्यांत आहेत. आपल्याकडे मोडी वाचणारे सापडतील, पण एकोणिसाव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर भराभर वाचणारी पिढी साठीच्या पुढे गेली आहे. दरवर्षी दोन मुलं तिकडे, दोन इकडे, सहा-सहा महिने दप्तरात बसवली तरी दहा वर्षांत चित्र पालटेल. परिषदा, फीत कापणं, स्मरणिका यांवर खर्च झाला तर मात्र काही पालटणार नाही. आणि कृपा करून पुतळा नको. गोमिशांचा कांपालच्या बागेत आहे, तो पुरे.

सुरुवात तिघांपासून करावी. पेरेस द सिल्वा, रॉक द कॉस्ता, लिमा लैतांव : प्रत्येकाची वेजवुडच्या धर्तीवर कोरडी, कागदोपत्री नोंद, पोर्तुगीज, मराठी आणि कोकणी अशा तीन भाषांत, दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी मिळून लिहिलेली. ती १९३६ च्या त्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या परिषदेत मांडता येईल. वसाहतीच्या बाजूने, वसाहतीतल्या कागदांवरून लिहिलेल्या नोंदी त्यांना हव्याच असतील. आपल्या खात्याकडून लिस्बनला जायच्या पहिल्या पत्राचा पोर्तुगीज मसुदा तयार करून द्यायला मी आणि इथले आणखी काही अभ्यासक तयार आहोत. आपल्या कार्यालयाने फक्त तारीख कळवावी.

कळावे,
आपली नम्र,
गोव्याच्या इतिहासाची एक अभ्यासक