पुढच्या साथीआधी बंदिवानांसाठी नियम करा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहणारी ख्रिस्ती बाई. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू भुकेल्यांच्या, आजाऱ्यांच्या रांगेत बंदिवानालाही बसवतो आणि त्याला भेटलात तर मलाच भेटलात, असे सांगतो. तो बंदिवान निर्दोष असावा, अशी अट तिथे नाही. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

कोरोना आला तेव्हा, मार्च २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली गर्दी कमी करायला सांगितले. महाराष्ट्राने उच्चाधिकार समिती नेमली, मे महिन्यात पॅरोलचे नियम बदलले आणि हजारो बंदी घरी गेले. ते काम चांगले झाले, हे मी मनापासून म्हणते. पण सात वर्षांहून मोठी शिक्षा असलेल्यांना घरी जायचे तर तुरुंगातून मिळालेल्या आधीच्या दोन सुट्यांवरून वेळेत परतल्याची अट होती. जो कधी बाहेरच पडला नाही, त्याने वेळेत परतल्याचा पुरावा कुठून आणायचा? साथीत आजार बराकीत शिरला की तो कलम बघत नाही, शिक्षेची वर्षे मोजत नाही.

फादर स्टॅन स्वामींचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कंपवाताचा हा म्हातारा धर्मगुरू झारखंडमधल्या कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांसाठी झटला. ऑक्टोबर २०२० मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी अटक झाली आणि तो स्वतः तळोजा तुरुंगात कच्चा कैदी झाला. हाताला कंप, म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहतच तो वांद्र्याच्या इस्पितळात मरण पावला. खटला उभा राहिला नाही, दोष सिद्ध झाला नाही. त्याच्यावरचे आरोप खरे की खोटे हा वाद मी इथे घालत नाही. इतक्या वयाच्या, इतक्या आजारी माणसाला साथीत आत ठेवायची गरज होती का, एवढेच विचारते.

आमच्या कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत. कोल्हापूरकरांनी ते भक्तीने खाल्ले, वळणाऱ्या हातांचा गुन्हा कुणी विचारला नाही. साथीत मात्र ती माणसे आम्ही पार विसरलो. मुलाखती बंद होऊन फोन आणि व्हिडिओ कॉल आले, पण गगनबावड्याकडच्या वाडीवर रेंज नसलेल्या आईला त्याचा काय उपयोग?

देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांतले कित्येक जण जामीन मंजूर होऊनही जामीनदार आणि पैसा नाही म्हणून आत राहतात. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी पैशांची मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. पहिल्यांदाच गुन्ह्याचा आरोप असलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर बहुतेक गुन्ह्यांत कारागृह अधीक्षकांनीच त्याच्या जामिनासाठी न्यायालयाकडे अर्ज करायचा, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ सांगते. हे आजच करता येते, त्यासाठी साथीची वाट कशाला बघायची?

माझी मागणी अशी. साथ जाहीर होताच साठीपुढचे, गंभीर आजारी आणि गरोदर बंदी यांचे अर्ज कलम कोणतेही असो, आधी ऐकले जातील, असा कायमचा नियम करा. अर्ज कारागृहानेच भरून द्यावा. आणि गरीब बंद्यांच्या योजनेतून कळंब्यातल्या किती जणांना मदत मिळाली, तो आकडा दर तिमाहीला कारागृहाच्या दारावर लावा.

आपली,
कोल्हापूरची एक नागरिक