निवडक तोड म्हणजे विरळणी नव्हे

महोदय,

खासगी जमिनीतील रानातून मोजकीच मोठी झाडे काढण्याचा विषय निघाला की आमच्या सत्तरी तालुक्यात एक समजूत हमखास ऐकू येते : मोठे झाड गेले की खालच्या झाडांना ऊन मिळते, ती जोमाने वाढतात आणि काही वर्षांत रान पूर्ववत होते. ही समजूत अर्धी खरी आहे आणि तिचा खरा अर्धा भागच लोकांची दिशाभूल करतो, म्हणून हे पत्र.

उन्हाचा परिणाम होतो, यात शंका नाही. आमच्या घरामागचे माट्टीचे जुने झाड तोडावे लागले तेव्हा त्याच्या शेजारच्या किंदळीच्या झाडाचा घेर मी दरवर्षी मृगाच्या आधी सुतळीने मोजून गाठ मारून ठेवत असे. पहिली चार-पाच वर्षे गाठी लांब लांब पडल्या. पुढे भोवतालच्या फांद्यांनी मोकळी जागा व्यापली आणि गाठी पुन्हा जवळ आल्या. एका झाडावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे शिक्षक म्हणून मी जाणतो. परंतु दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात पाराकू येथे १९८४ साली आखलेल्या झाडमोजणीच्या कायमस्वरूपी क्षेत्रांपैकी काहींत १९८६ ते १९८८ या काळात तोड करून नंतर अनेक वर्षे झाडे मोजली गेली, आणि तेथेही शिल्लक झाडांची वाढ आधी वेगाने झाली व वरचे छत मिटत गेले तशी ती ओसरली.

सागाच्या लागवडीतील विरळणीचा दाखला येथे अनेकदा दिला जातो, तो मुळातच गैरलागू आहे. विरळणीत रोगट, वाकडी, मागे पडलेली झाडे काढून उत्तम झाडे राखली जातात. निवडक तोडीत नेमके उलटे घडते : सरळ, भरदार आणि भरपूर बी देणारी झाडे जातात व मागे राहिलेल्यांवर रानाची भिस्त पडते. शिवाय एक वृक्ष पडताना गारंबीसारख्या वेलींनी बांधलेल्या शेजारच्या झाडांनाही ओढतो, ओंडके ओढण्याच्या वाटेवर माती इतकी दबते की मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते, आणि झालेल्या उजेडाचा पहिला लाभ बहुधा चांदाड्यासारखी झपाट्याने वाढणारी झाडे, रानमोडीचे तण आणि वेलीच उठवतात.

काळाचा हिशेबही पाहावा. दाट रानातील कठीण लाकडाच्या अनेक झाडांचा व्यास वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. तो ३ मिलिमीटर धरला, तर ३० सेंटीमीटर व्यासाचे झाड ६० सेंटीमीटरचे होण्यास १०० वर्षे लागतात. ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात दोन तोडींमध्ये २५ ते ३५ वर्षांचे अंतर ठेवतात. सुरुवातीचा जोम धरूनही एवढ्या अवधीत गेलेले लाकूड बहुतेक ठिकाणी भरून येत नाही.

गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडीला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदली रोपे लावावी लागतात. ही तरतूद मोलाची आहे, पण रोपांची संख्या म्हणजे रानाची वाढ नव्हे. परवानगी देताना कोणते बीजवृक्ष राखले जाणार, वेली आधी कापल्या जाणार का, ओंडके कोणत्या वाटेने निघणार आणि शिल्लक झाडांचा घेर आज किती आहे, याची नोंद सक्तीची करावी. त्याचबरोबर शेजारच्या कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात उप्पंगळच्या सदाहरित रानात पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने अनेक वर्षे चालवले आहे तसे झाडमोजणीचे कायमस्वरूपी क्षेत्र सत्तरी आणि सांगे तालुक्यांतही वन खात्याने आखावे, तोड झालेल्या व न झालेल्या दोन्ही प्रकारच्या रानांत. छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा, एक टेप आणि दरवर्षी त्याच महिन्यात फेरी, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. तालुक्यातील शाळांची मुले ते आनंदाने करतील, हे मी अनुभवाने सांगतो.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वाळपई