जामीन मागावा लागत नाही, द्यावा लागतो

महोदय,

विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टर पुढं घेण्यावरून माझ्या भाच्याची एकाशी झटापट झाली. रात्री दीड वाजता पोलीस ठाण्यातून फोन आला. गुन्हा सार्वजनिक ठिकाणी मारामारीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम १९४. शिक्षा जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा १००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा जामीनपात्र.

हे मला सकाळी वकील मेहुण्यानं सांगितलं. रात्री मात्र ठाण्याच्या दारातल्या एकानं ‘तयार जामीनदार आहे, दहा हजार द्या’ म्हटलं आणि मी खरंच खिसा चाचपला! बहीण रडत होती, काय करणार?

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. तो ठाण्यातला अधिकारीही देऊ शकतो, कोर्टापर्यंत जावंच लागतं असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, जामीन यांची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याचं) कलम ४७८ तेच सांगतं. जामीनदार मिळत नसेल अशा गरिबाला स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे बोलावल्यावर हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं. आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीब आहे असंच धरायचं. शिवाय हा हक्क आरोपीला पोलिसांनीच सांगायचा असतो. आम्हाला कुणी सांगितला नाही.

शेवटी सकाळी माझं आधार कार्ड आणि घरफाळ्याची पावती दाखवून, जामीनपत्रावर सही करून भाच्याला घरी आणलं. खर्च शून्य. ही माहिती प्रत्येक ठाण्याच्या दारात ठळक मराठीत लावायला काय हरकत आहे?

– एक मामा, शिवाजी पेठ, कोल्हापूर